हिरवं की लाल? आधी बाटली उलटी करा

प्रश्न : काका, मागच्या दिवाळीत पुण्याहून जुनी टू-स्ट्रोक २५० सीसीची मोटोक्रॉस बाईक आणली. रविवारी आम्ही चार-पाच पोरं घाटाखालच्या डोंगरात चालवतो. एप्रिलपासून गाडी लई तापायली आहे. अर्ध्या तासात रेडिएटरच्या कॅपमधून वाफ अन् पाणी बाहेर. एक मित्र म्हणतो हिरवं कुलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये टाकतात ते) टाक, दुकानदार म्हणतो लाल, तिसरा म्हणतो बिनपाण्याचं आण, कटकटच मिटेल. सध्या बोअरचं पाणी अन् त्यात थोडं हिरवं असं चालू आहे. नेमकं काय टाकू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सगळ्यात आधी ते बोअरचं पाणी काढा. आज संध्याकाळीच काढा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात माझ्या गॅरेजात प्यायच्या पाण्याचे वांधे होते, तिथं रेडिएटरला डिस्टिल्ड पाणी कोण विकत आणणार? जे टँकरचं मिळालं ते मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांत ओतलं. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच एका गाडीचा रेडिएटर उघडला, तर आतल्या नळ्यांना पाणी तापवायच्या हंड्याला बसतो तसा पांढरा थर. काडी जाईना. चूक माझी होती, रेडिएटरचे पैसेही मीच भरले. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, हे तुमच्या घरच्या नळाची तोटी बघून कळेल. काही कुलंटमध्ये फॉस्फेट असतं. ते असल्या जड पाण्याशी जमत नाही, आतल्या आत खडा धरतं. म्हणून पाणी डिस्टिल्डच घ्या. बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं ते चालतं, पण सीलबंद बाटलीतलं घ्या. सुट्या कॅनमधलं नको, त्यात ॲसिड निघालं तर निस्तरणार कोण? डोंगरात अडकलात तर विहिरीचं ओता अन् घरी या. आल्यावर मात्र धुऊन काढा.

आता रंग. हिरवा, लाल, निळा, गुलाबी हा नुसता रंग असतो, गळती कुठं आहे ते दिसावं म्हणून घातलेला. कुठला रंग म्हणजे कुठला माल, असा सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही. दोन कंपन्यांचं हिरवं एक नसतं. त्यामुळे तुमचा मित्र अन् दुकानदार दोघंही रंगावरून भांडायलेत ते फुकट. बाटली उलटी करून मागं काय लिहिलंय ते वाचा. इथिलीन ग्लायकॉलचं हवं, ॲल्युमिनियम इंजिनाला चालणारं हवं अन् सिलिकेट नसलेलं हवं. सिलिकेटचं कुलंट जुन्या लोखंडी इंजिनांना वर्षानुवर्षं चाललं, पण तुमच्या गाडीच्या छोट्या वॉटर पंपाचं सील त्यानं लवकर झिजतं. जपानी मोटरसायकलवाले ते टाळतात ते याच कारणानं. अन् जुनं पूर्ण काढल्याशिवाय नवं ओतू नका. दोन जातींची कुलंटं एकत्र आली की कधी कधी खळीसारखा गाळ होतो.

बाटलीवर आणखी एक बघायचं : तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं कॉन्सन्ट्रेट? तयार मालात पाणी घालणारे अन् कॉन्सन्ट्रेट तसंच ओतणारे, असे दोन्ही नमुने माझ्याकडे येतात. दुसऱ्या नमुन्याला वाटतं, दाट तेवढं भारी. उलटं आहे, भाऊ. इंजिनातली उष्णता उचलून नेतं ते पाणी. ग्लायकॉल पाण्याचा उकळबिंदू वाढवतं, गोठणबिंदू खाली नेतं, अन् त्यातली औषधं गंज धरू देत नाहीत. निव्वळ कुलंट ओतलं तर गाडी जास्त तापते. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण ते आपल्याला काय कामाचं? परभणीत थंडी कितीही कडाडली तरी लडाख होत नाही. मी उन्हाळ्यात ४० टक्के कुलंट, ६० टक्के पाणी ठेवतो. ३० च्या खाली जात नाही, नाहीतर गंज अडवायला औषध पुरत नाही. असल्या गाडीत सगळं मिळून साधारण लिटरभर बसतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा.

बिनपाण्याचं कुलंट खोटं नाही. १८० अंशांच्या पुढं जाईपर्यंत ते उकळत नाही, हे खरं. पण ते पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. म्हणजे वाफ दिसत नाही अन् आत इंजिन पहिल्यापेक्षा गरम. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ चालत नाही, त्यामुळे दगडावर आदळून पाइप निसटला तर शेजारच्या शेतातल्या विहिरीचा उपयोग संपला. तुम्हाला ते नको.

खरं सांगू का, तुमचा रोग कुलंटचा असेल असं मला वाटतच नाही. आधी कॅप बघा. आपण समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर राहतो, उघड्या भांड्यात पाणी इथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरवरची १.१ बार दाबाची कॅप नीट दाबून बसली तर तेच पाणी १२० पर्यंत दम धरतं. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की तो दम गेला. जुन्या गाडीला मी ही कॅप न विचारता बदलतो. पण हौसेनं जास्त बारची बसवू नका, जुने रबरी पाइप फुटतील.

मग रेडिएटरची जाळी. असल्या गाडीला बहुतेक पंखा नसतो, ती वाऱ्यावर थंड होते. तुम्ही ४२ अंशांत पहिल्या गिअरवर अर्धा क्लच दाबून दगडांतून चढवणार अन् जाळीत मागच्या पावसाळ्यातली काळी माती वाळून बसलेली, मग वारा जाणार कुठून? बादलीभर पाण्यात भिजवा अन् मागच्या बाजूनं हळू धारेनं धुवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाजवळ नेऊ नका, पात्या वाकतात.

थंड गाडीवर कॅप काढून इंजिन सुरू करा. रेडिएटरमध्ये थांबता थांबेना असे बुडबुडे आले, किंवा धुरातून गोडसर वास येऊन तो पांढरा निघाला, तर इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे गॅस्केट किंवा ओ-रिंग, गेलं. गिअरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पंपाचं सील. यातलं काही नसेल तर कार्बोरेटरचा जेट बघून घ्या, पेट्रोल कमी पडलं तरी टू-स्ट्रोक तापते. गरम गाडीची कॅप उघडायची नाही हे पंचवीस वेळा सांगूनही माझ्या एका पोऱ्यानं उघडली. अजून मनगटावर डाग आहे.

काढलेलं कुलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री चाटतात अन् मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडं द्या.

अन् जाता जाता : पासिंग नसलेली गाडी घाटापर्यंत चालवत नेत असाल तर टेम्पोत घालून न्या.

प्रश्न : माझी एक्सपल्स २०० फोर व्ही आहे. तिच्यात कुलंट कुठून टाकायचं? टाकी सापडेना.
— एक वाचक, औसा

उत्तर : सापडणार नाही. ती ऑइलवर थंड होणारी गाडी आहे. पुढं छोट्या रेडिएटरसारखं दिसतं त्यातून इंजिनचं ऑइलच फिरतं. एक्सपल्स २१० ला कुलंट लागतं, तुमच्या गाडीला नाही. तुम्ही ऑइलची पातळी बघा, अन् आणलेली कुलंटची बाटली फोडली नसेल तर दुकानदाराला परत करा.