माझ्या गोल्डफिशचा एक डोळा सुजून बाहेर आलाय, काय करू?

आधी दुसरा डोळा नीट पाहा. सूज एकाच डोळ्याला असेल तर बहुतेक वेळा मार लागलेला असतो: टोकदार दगड, प्लास्टिकची झाडं, जाळीने पकडताना झालेली ओढाताण. दोन्ही डोळे सुजले असतील तर दोष पाण्यात किंवा माशाच्या पोटात, म्हणजे आतल्या जंतुसंसर्गात असतो. त्यात खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर मासा वाचणं अवघड.

औषधाआधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशाच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं, शून्यच हवीत. थोडीही दिसली तर रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असावं.

सूज उतरवायला एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट: २० लिटरला एक लहान चमचा, वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू ओता. साधं मीठ इथे चालत नाही, डोळ्यामागचं पाणी ओढून घेण्याचं काम ते करत नाही. एप्सम सॉल्ट पाण्याबरोबर उडून जात नाही, म्हणून जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला. इथेच बहुतेक जण चुकतात आणि मात्रा दुप्पट होते.

दुकानदार देतो ती निळी-पिवळी औषधं सरसकट ओतू नका. मासा खायचा थांबला किंवा दुसरा डोळाही सुजू लागला तर प्रतिजैविकासाठी पशुवैद्य गाठा. सूज उतरायला आठवडे लागतात. टेलिस्कोप जातीच्या गोल्डफिशचे डोळे मुळातच बाहेर आलेले असतात, त्यांना हे काही करू नका.