ल्युपस आहे, खुर्चीतून उठताना पायात ताकद नसते, पण क्रिएटिनिन नॉर्मल आहे. मग किडनीची काळजी नको ना?

"क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढं वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या दादाने मला वर्षभर ऐकवलंय.

मलाही ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. लघवीला फेस यायचा, साबण कालवल्यासारखा, फ्लश केलं तरी रेंगाळायचा, आणि सकाळी पापण्या सुजलेल्या. दादा रिपोर्टवरच्या क्रिएटिनिनच्या (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.८ वर बोट ठेवून म्हणायचा, किडनी ठणठणीत आहे, उगाच गूगल करत बसू नकोस. शेवटी २४ तासांची लघवी तपासली तर प्रोटीन २.८ ग्रॅम, असायला हवं ०.१५ च्या आत. किडनीच्या बायोप्सीत क्लास ४ ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे किडनीला आलेली गंभीर सूज. क्रिएटिनिन तेव्हाही ०.८च होतं!

मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू झालं आणि दोनेक महिन्यांत पाय गेले. दुखत नव्हते बरं का, नुसता जोर नाही. एकदा बाथरूममध्ये पडलेला कंगवा उचलायला उकिडवी बसले आणि उठताच येईना, बादलीची कड धरली तर बादलीच कलंडली, पाणी सगळं अंगावर, तशीच बसून राहिले कोणी येईपर्यंत. आजार उसळलाय, स्टेरॉइड वाढवून घे, इति दादा. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) केलं तर नॉर्मल. मांड्या त्या स्टेरॉइडनेच खाल्ल्या होत्या! डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला, फिजिओ लावली, तेव्हा कुठे चार महिन्यांनी हात न टेकता उठले.

आणि त्याच काळात क्रिएटिनिन ०.६ झालं. दादा खूश, बघ सुधारली किडनी. अरे बाबा, क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, मांड्या वाळल्या म्हणून आकडा उतरला!

तर तुमचं. लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, सी३-सी४ (ल्युपस उसळला की रक्तात सहसा उतरणारी प्रोटीन्स), सीपीके आणि पोटॅशियम एवढं बघून घ्या. पोटॅशियम बरेच जण विसरतात, शोग्रेन (तोंड-डोळे कोरडे पाडणारा, ल्युपसच्याच जातीचा आजार) सोबत असेल तर कधीकधी ते किडनीतून वाहून जातं आणि पाय लुळे पडतात. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) वाढलेलं दिसलं म्हणून नुसतं लिव्हरच्या मागे लागू नका, ते स्नायूंतूनही येतं. आणि सांध्यांसाठी पेनकिलर मनाने तर अजिबात नको, आधीच कुरकुरणाऱ्या किडनीला त्या गोळ्या झेपत नाहीत.

हां, हे वाचून स्टेरॉइड एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. माझं सीपीके नॉर्मल होतं, तुमचं वाढलेलं निघालं तर मायोसायटिस (स्नायूंना येणारी सूज) असू शकतो आणि मग उलट स्टेरॉइडच लागतं. मी डॉक्टर नाही, नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधे आणि ल्युपससारख्या आजारांचे डॉक्टर) दोघांनाही दाखवा.

दादाने परवा माझा नवा रिपोर्ट हातात घेतला आणि लघवीचं पान उलटून थेट क्रिएटिनिनवर गेला.