बाहेरच्या लायब्रऱ्या कायमच्या गोठवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की जावास्क्रिप्टमधल्या तुमच्या मुक्तस्रोत प्रकल्पात ३८ लायब्रऱ्या (म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड) आहेत, अपडेट केलं की काहीतरी मोडतं, तर सगळ्यांच्या आवृत्त्या कायमच्या गोठवून टाकाव्यात का. माझं उत्तर: गोठवा, पण कायमच्या नको.

मी रत्नागिरीत राहतो. आम्ही तिघं मिळून भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत दाखवणारं एक छोटं मुक्तस्रोत ॲप सांभाळतो. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, त्यामुळे तिथून होडी बाहेर काढायची तर भरतीचं पाणी लागतं. एका सकाळी राजिवड्यातल्या एका काकांचा फोन आला, "अरे, पाणी सुकतंय आणि तुझं ॲप भरती दाखवतंय!" सव्वासहाची भरती ॲपवर पावणेबाराला दिसत होती. फरक बरोबर साडेपाच तासांचा. तारखा वाचणाऱ्या एका लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत टाइमझोन न लिहिलेली वेळ स्थानिक न धरता यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरली जाऊ लागली होती. एरवी साडेपाच तासांची चूक नुसती चूक असते. पण भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. म्हणजे आमचं ॲप जवळपास ओहोटीलाच भरती म्हणत होतं. त्यावर विसंबून कुणाची होडी रेतीत रुतली असती, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक चालत होतं! प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी ज्या फाइलमध्ये असते त्या पॅकेज जेसनमध्ये आवृत्तीच्या आकड्यापुढे टोपीचं चिन्ह (^) होतं. त्याचा अर्थ, २.४.० लिहिलं असलं तरी ३ च्या खालची कुठलीही नवी आवृत्ती चालेल. आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवणारी लॉक फाइल आम्ही गिट-इग्नोरमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यात न ठेवायच्या फाइलींच्या यादीत, टाकून ठेवली होती. सर्व्हरनं नवी आवृत्ती उचलली, माझ्याकडे जुनीच राहिली. म्हणून लॉक फाइल आजच कमिट करा (त्या साठ्यात नोंदवा), आणि सर्व्हरवर लायब्रऱ्या आणणाऱ्या एनपीएम या साधनाची एनपीएम इन्स्टॉल ही आज्ञा न देता एनपीएम सीआय चालवा. लॉक फाइल आणि पॅकेज जेसन जुळत नसतील तर ती आज्ञा तिथेच थांबते.

मग कायमचं का गोठवायचं नाही? डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे (Log4j) लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं, तेव्हा ती आपल्या प्रकल्पात आहे हेच कितीतरी जणांना माहीत नव्हतं. ती दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटातून आली होती. अशी दुरुस्ती करायची वेळ येते तेव्हा तीन वर्षं मागे राहिलेल्याला एका रात्रीत तीन मोठ्या आवृत्त्या चढाव्या लागतात. उलट बाजूही खरी आहे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा जुना सांभाळणारा बाजूला झाला, आणि नव्या सांभाळणाऱ्यानं तीत बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. त्यामुळे नवी आवृत्ती आली त्याच दिवशी मी घेत नाही, थोडे दिवस जाऊ देतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र थांबत नाही. ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आलेल्या लायब्ररीत हवी असेल तर पॅकेज जेसनमधलं ओव्हरराइड्स वापरा, त्यानं आतल्या लायब्ररीची आवृत्ती आपण ठरवू शकतो.

बाकीची अपडेट्स महिन्यातून एकदा, एका वेळी एकच लायब्ररी, चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचून, वेगळ्या कमिटमध्ये. मोडलं तर कुणामुळे मोडलं ते लगेच कळतं. मोठ्या आवृत्त्या आम्ही १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत चढवतो, कारण तेव्हा यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तुमच्या वापरणाऱ्यांचाही असा एखादा मोकळा काळ असेलच, तो शोधा. आणि कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट लिहा. आमच्याकडे आता माहीत असलेल्या जुन्या दिवसांच्या भरतीच्या वेळा टेस्टमध्ये आहेत. पाच मिनिटांचा फरक पडला तरी बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याचं काम) थांबतो.

ती तारखांची लायब्ररी शेवटी काढूनच टाकली. तिच्यातलं एकच फंक्शन आम्हाला लागत होतं, ते वीसेक ओळींत घरीच लिहिलं. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं आणि जगभर बिल्ड अडकले, तेव्हाच मी हे शिकायला हवं होतं. कूटलेखन (एन्क्रिप्शन) मात्र घरी लिहू नका, ते जाणकारांच्याच लायब्ररीतून घ्या.

३८ म्हणजे थेट घेतलेल्या. एनपीएम एलएस या आज्ञेपुढे ऑल (--all) हा पर्याय लावून पाहा, आतल्या किती आहेत ते दिसेल. थेट घेतलेल्या लायब्रऱ्यांची यादी इथे टाकलीत तर कुठल्या काढता येतील ते मी पाहून सांगतो.