भिंतीला खिळा नसलेलं घर

“मॅडम, मी कृतघ्न आहे का हो?”

खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तेवढ्यात हा प्रश्न. वय 43, दादरला नोकरी. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. 2022च्या सुरुवातीला डोंबिवलीचं वन बीएचके विकून ठाण्याला घोडबंदर रोडवर टू बीएचके घेतलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. “तेव्हा वाटायचं, एवढं झालं की गंगेत घोडं न्हालं. आता लॅचची किल्ली फिरवली की कपाळाला आठी पडते. हॉल अरुंद वाटतो, ओटा बुटका वाटतो, समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या डोळ्यांत खुपतात. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींच्या घरी एका खोलीत पाच माणसं आहेत, आणि त्या हसत येतात. मग मलाच काय धाड भरलीय?”

घर बरं आहे, संसार बरा आहे, तरी समाधान का नाही, हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात सहसा पुढच्या दाराने येत नाही. माणसं झोप लागत नाही म्हणून येतात, नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत घराचा विषय निघतो. या बाईंनी तो पहिल्याच मिनिटाला काढला. त्यावर लिहायला त्यांची हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी माझी चूक सांगते. मी त्यांना वही घालायला सांगितली. रोज रात्री, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी लिहायच्या. पुष्कळांना हा उपाय लागू पडतो. पंधरा दिवसांनी त्यांनी वही आणली. पहिले चार दिवस सुवाच्य अक्षरात: चोवीस तास पाणी, लिफ्ट, मुलाला वेगळी खोली. पाचव्या दिवशी एकच ओळ, ‘एवढं असूनही माझं तोंड वाकडंच.’ पुढची पानं कोरी. आपण कृतघ्न आहोत अशी जिला आधीच टोचणी लागली होती, तिला मी रोज रात्री टोचून घ्यायची वेळ ठरवून दिली होती.

मग उलटं काम दिलं. चिडचिड झाली तर होऊ द्यायची. फक्त वेळ, जागा आणि त्याच्या जरा आधी काय घडलं, एवढं टिपायचं. तीन आठवड्यांत 26 नोंदी झाल्या. ते कागद टेबलावर पसरून आम्ही दोघी बसलो. अरुंद हॉलची एकही नोंद नव्हती. ओट्याच्या तीन होत्या आणि त्या रास्त होत्या. ओटा खरोखरच बुटका होता आणि त्यांची कंबर भरून यायची. पण निम्म्याहून अधिक नोंदी संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या, दार उघडल्या उघडल्या. त्याखालोखाल रविवार सकाळ, हातात मोबाइल.

डोंबिवलीचं घर स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर होतं. आता दादरहून ठाणे, तिथे बसची रांग, नाहीतर शेअर रिक्षा, मग माजिवडा, कापूरबावडी, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि त्यांच्या कडेने सरकणारी वाहनं. दिवसाला दीड तास जास्त. “पण डोंबिवलीची गर्दी सुटली ना?” मी विचारलं. त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “सात बावन्नला आमचा ग्रुप होता. अकरा वर्षं.” सात बावन्नच्या लोकलमधला, लेडीज डब्यातला तो ग्रुप, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पेढे, मटार सोलत सोलत सासूची गाऱ्हाणी. त्यांच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डॉक्टरसुद्धा त्या ग्रुपनेच सुचवला होता. घर बदलताना खोल्या मोजल्या, पार्किंग मोजलं, कार्पेट एरिया मोजला. सात बावन्न कुणी मोजली नाही.

स्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली आणि 2008 मध्ये तिच्यावर लिहिलं. हिशोबी माणूस लांबचा प्रवास पत्करतो तो बऱ्या घरासाठी किंवा बऱ्या पगारासाठी, तेव्हा फिट्टंफाट व्हायला हवी. ती झालेली दिसली नाही. ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. मला यात नवल वाटत नाही. जास्तीची खोली रोज तेवढीच असते, महिन्याभरात ती डोळ्यांना दिसेनाशी होते. ट्रॅफिक मात्र रोज नव्याने छळतो, त्याची सवय होत नाही.

आणखी एक अभ्यास मी त्यांना सांगितला, कारण तो घराच्या सोडतीचाच आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना पुढची वर्षं राहण्यासाठी 12 वसतिगृहांपैकी एक चिठ्ठी टाकून मिळतं, थेट म्हाडासारखं. चांगलं मिळालं तर किती आनंदात राहू आणि नको ते मिळालं तर किती दुःखात, याचा अंदाज त्यांना आधी विचारला गेला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की प्रत्यक्ष राहायला गेल्यावर दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच खूश निघाली. अंदाज बांधताना त्यांनी इमारत आणि जागा धरली होती, सोबत कोण असेल हे फारसं धरलं नव्हतं. “म्हणजे सात बावन्न,” बाई म्हणाल्या. मी मान हलवली.

रविवारचं प्रकरण सरळ होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वास्तुशांतीचे फोटो, मॉड्युलर किचन, बाल्कनीत झोपाळा. त्यातच नवऱ्याने पाठवलेल्या थ्री बीएचकेच्या जाहिराती. स्वतःच्या वास्तुशांतीला नणंद बोलून गेली होती, “हॉल छान आहे, बेडरूम जरा आवळच आहेत, नाही?” हे वाक्य त्यांना शब्दशः पाठ होतं. त्याच दिवशी कुणीतरी कौतुकही केलं असणार. त्यातलं एकही आठवत नव्हतं.

पुढच्या वेळी मी घराच्या भिंतींचे फोटो मागितले. का मागितले ते मलाही धड सांगता आलं नसतं. सगळ्या भिंती कोऱ्या. एकही खिळा नाही. सासऱ्यांची तसबीर कपाटावर, भिंतीला टेकवून. बाल्कनीत दोन खोकी, पॅकर्सच्या चिकटपट्टीसकट. आणि स्वयंपाकघरात कालनिर्णय खिडकीच्या कडीला अडकवलेलं. त्याच्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, सासूबाईंच्या चतुर्थ्या. खिडकी उघडायची तर आधी ते काढून फ्रिजवर ठेवायचं, बंद केल्यावर पुन्हा अडकवायचं. दोन वर्षं.

“खिळा का नाही ठोकला?”

“हे म्हणतात, भिंती खराब करू नकोस. विकताना भाव पडतो.”

हे कुटुंब त्या घरात अजून राहायलाच आलं नव्हतं. पुढच्या घराच्या वाटेवर ते तिथे थांबलं होतं, सामान घेऊन.

त्यानंतरच्या भेटीला नवरा आला. शांत माणूस, हिशोबाची वही तोंडपाठ. कर्ज घेतलं तेव्हा व्याज स्वस्त होतं. मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे गृहकर्जाचं व्याज जातं, चढत गेला, 4 टक्क्यांचा फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. त्यांचा हप्ताही वाढला आणि मुदतही. तरी हे गृहस्थ तिसऱ्या बेडरूमच्या जाहिराती पाहत होते. मी म्हटलं, हप्ता भारी पडतोय तर मग हे कशासाठी? बराच वेळ ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. एक खोली, सात माणसं. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते चार वर्षांचे. वडील गिरणीत. नोकरी गेली ती गेलीच. “बाबा दिवसभर घरात असायचे. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या खोलीत त्यांना लपायला जागा नव्हती, आणि आम्हाला त्यांच्याकडे न बघायला जागा नव्हती.” मग बायकोकडे न बघता म्हणाले, “माझी नोकरी गेली तर मला बसायला एक खोली हवी. दार लावता येईल अशी.”

लग्नाला 17 वर्षं झाली होती. बाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं. तोवर त्या नवऱ्याला हावरा समजत होत्या आणि स्वतःला कृतघ्न.

त्या तासात मी जवळपास काहीच बोलले नाही. आमच्या धंद्यात गप्प बसण्याचेही पैसे मिळतात, असं माझी एक मैत्रीण चिडवते.

ही माणसं समाधानी झाली, असा दावा मी करणार नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण अंथरूण खरंच कुठे कुठे तोकडं होतं. सासूबाई हॉलमध्ये झोपत, त्यामुळे रात्री साडेनऊनंतर सगळे चोरपावलांनी वावरत. ही अडचण मनाची नव्हती, जागेची होती. ती मुलाने सोडवली: “आजी माझ्या खोलीत झोपू दे, मी हॉलमध्ये झोपतो. मला तसंही उशिरापर्यंत अभ्यास असतो.” अभ्यास की मोबाइल, हे आईला कळतं. पण तोडगा टिकला. ओटा सुतार-गवंड्याला दाखवून उंच करून घेतला. तीन वर्षं घर बदलायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी तजवीज वेगळी काढायला सुरुवात केली. नवऱ्याच्या त्या खोलीचं दार मला या पैशात जास्त दिसतं. प्रवासाचं काही करता आलं नाही. ऑफिसने वेळ अर्धा तास अलीकडे घेऊ दिली, एवढंच. महिन्यातून एका शनिवारी त्या डोंबिवलीला जातात, ग्रुपमधल्या कुणाच्या तरी घरी.

शेवटच्या भेटीला त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायला बंदी, म्हणून रविवारी सकाळीच नवऱ्याने स्वतः मशीन धरलं. पहिलं भोक चुकलं, त्यावर पुट्टीचा पांढरा ठिपका. दुसऱ्या खिळ्याला सासऱ्यांची तसबीर. तिसरा खिळा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला, त्यावर कालनिर्णय.

“आता सासूबाईंची नवी तक्रार आहे,” त्या म्हणाल्या. “फार उंच लावलंय. तिथी दिसत नाही.”