वाचकांचे प्रश्न : कॅम्पला जायच्या आधी बाथरूमचं दार मोज

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते, नर्सिंगचं जीएनएम झालंय, पाच वर्षं ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे. मे महिन्यात येऊरला दिव्यांगांचा पाच दिवसांचा निवासी कॅम्प आहे, २२ जण येणारेत, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, स्पायना बिफिडा (जन्मतःच मणका नीट न जुळलेला), दोघं मणक्याच्या दुखापतीवाले, वयं १४ पासून ४० पर्यंत. सिस्टर मी एकटीच आणि डॉक्टर फोनवर. वॉर्डात हाक मारली की कोणीतरी धावत येतं, तिथे कोण येणार? फिटची सगळ्यात जास्त भीती वाटते. बॅगेत काय काय घेऊ? आणि मला जमेल का ते खरं सांगा.

उत्तर : जमेल गं. पण बॅग भरायच्या आधी एका सुट्टीला येऊरला जाऊन जागा बघून ये आणि सोबत टेप घेऊन जा, बाथरूमच्या दाराची रुंदी मोजायला. दोन फुटी दारातून मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर जात नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते. माझा दुसराच कॅम्प, पनवेलच्या बाजूला. १९ वर्षांची एक मुलगी, व्हीलचेअरवर, सकाळी भेंड्यांमध्ये सगळ्यात मोठा आवाज तिचा आणि संध्याकाळी एकदम गप्प. हात लावला तर अंग तापलेलं. मला वाटलं ऊन लागलं, ओआरएस करून दिलं तर घेईना, तोंड मिटून बसली आणि मी तिला दोनदा ओरडले, त्याचं अजून वाईट वाटतं. रात्री दिवे घालवल्यावर हळूच म्हणाली, ताई खुर्ची आत जात नाही ना, दोन दादा मला उचलून नेतात, म्हणून मी सकाळपासून पाणीच नाही प्यायले. विचार कर, १९ वर्षांची मुलगी आणि उचलायला ओळख ना पाळख अशी दोन पोरं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका बाथरूमचं दारच काढून जाड पडदा लावला, दोन ताया तिच्यासोबत ठरवून दिल्या, तर दुपारपर्यंत तिने आपणहून दोन बाटल्या पाणी संपवलं.

म्हणून मी सांगते, मे महिन्यात कॅम्पवर सिस्टरचं निम्मं काम पाणी आणि बाथरूम हेच असतं. कोण पीत नाही ते बघ आणि का पीत नाही ते त्यालाच एकटं गाठून विचार. कुणाला ठसका लागतो म्हणून पाणी नको असतं, त्यांना घरी घट्ट करून देतात, ते कसं करतात ते आईकडून शिकून घे. फिटच्या काही गोळ्यांनी, टोपिरामेट, झोनिसामाइड, घाम कमी येतो, आणि मणक्याची दुखापत असली की तिच्या खालच्या भागाला घाम येत नाही, म्हणजे आपल्या दमट हवेत हे लोक आतून तापत जातात आणि वरून कळतही नाही. अकरा ते चार सावलीतच ठेव, ओले पंचे जवळ ठेव.

त्या मणक्यावाल्या दोघांची दुखापत कुठल्या लेव्हलला आहे ते आधीच विचारून घे. टी-६ (छातीच्या मागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम, बीपी एकदम वर, तर वॉर्डच्या सवयीने आडवं करू नकोस, उलट ताठ बसव, कपडे सैल कर आणि लगेच कॅथेटर बघ, नळी दुमडलीय का, पिशवी भरलीय का. बहुतेक वेळा लघवीच तुंबलेली असते. मोकळी झाली की बीपी उतरतं, नाही उतरलं तर डॉक्टरला फोन आणि १०८.

आता फिट. ती तुला येतेच हाताळायला, पण सोबतच्या स्वयंसेवकांना येत नाही. घड्याळ बघा, कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा नाही, बोट नाही, कांदा चप्पल काही हुंगवायचं नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी करून दाखव. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. फिट थांबवणारा मिडाझोलमचा स्प्रे ज्याच्या डॉक्टरने लिहून दिलाय त्यालाच, लिहिलेला डोस. येऊरचा घाट उतरून उपवनला यायला आणि तिथून हॉस्पिटलला किती वेळ लागतो ते स्वतः गाडीत बसून बघ, आणि फोनला रेंज कुठे आहे तेही.

गोळ्या डबीत सुट्या आणल्या तर घेऊ नकोस, पट्टी आणि डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही हवंच, त्यावरून प्रत्येकाचं वेगळं पान कर. घरी गोळी कशी देतात तेही विचार, कुणी केळ्यात देतं, कुणी गुळांब्यात, पण सीआर गोळ्या, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणाऱ्या, कुटायच्या नसतात. स्पायना बिफिडावाल्यांना लेटेक्सची, म्हणजे ग्लोव्ज-फुग्यांच्या रबराची, ॲलर्जी खूप जणांना असते, म्हणून ग्लोव्ज नायट्राइलचे घे आणि शेवटच्या दिवशीच्या फुग्यांना आत्ताच नाही म्हणून ठेव. वादावादी होईल, होऊ दे.

आणि ४० वर्षांच्या माणसासमोर त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारू नकोस. आधी त्याला विचार.

प्रश्न : मी नेरुळची. मुलगा २४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही पण समजतं सगळं. मीच भरवते. माझ्याशिवाय एक रात्र राहिलेला नाही. त्याला कॅम्पला जायचंय, मला झोप नाही. पाठवू का?

उत्तर : जायचंय हे त्याने सांगितलंय ना, मग पाठवा. तुम्ही भरवता तेव्हाचा मोबाईलवर एक व्हिडिओ काढा, मान कशी धरता, चमचा कुठला, दोन घासांमध्ये किती थांबता, हे कागदावर लिहून कोणाला कळत नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही हे मात्र लिहून द्या. नॅशनल ट्रस्टचं निरामय इन्शुरन्स असेल (१ लाखापर्यंतचं असतं) तर कार्डाची कॉपी बॅगेत टाका. रात्री एकदा फोन, तो सिस्टरने करायचा, तुम्ही नाही. आणि एका कागदावर त्याचं बोलणं लिहा, हो कसं म्हणतो, नाही कसं म्हणतो, दुखलं की काय करतो, आणि बाथरूमला जायचंय हे कसं सांगतो ते सगळ्यात वर लिहा.