डावा पाय गेल्यावर बेस कोण वाजवणार?

प्रश्न : नमस्कार ताई, गेले दोन आठवडे ऑर्गनवादक एडी लुईस आणि पियानोवादक मिशेल पेट्रुचियानी यांचा १९९४ चा पॅरिसमधला लाइव्ह अल्बम ऐकतोय, 'कॉन्फेरॉन्स द प्रेस'. नुसता पियानो आणि ऑर्गन, ना ड्रम्स ना बेसवाला. आणि मग कळलं की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच लुईसचा डावा पाय कापावा लागला होता. ऑर्गनवर बेस, म्हणजे खालचे जाड सूर, डाव्या पायानेच वाजवतात ना? मग हा एवढा भरलेला बेस येतो कुठून?

उत्तर : मुख्यतः डाव्या हातातून. आणि हे फक्त पाय गेलेल्या माणसाचं नाही हं, बहुतेक जॅझ ऑर्गनिस्टांचं असंच असतं. हॅमंड बी-थ्री हा जॅझवाल्यांचा इलेक्ट्रिक ऑर्गन डोळ्यासमोर आणा, एकावर एक दोन कीबोर्ड, खाली लाकडी पेडल्स २५, आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं वेगळं पेडल. पेटीत भात्यावरच्या हाताने जो श्वास देतो ना तो इथे उजवा पाय देतो. अमेरिकन ऑर्गनिस्ट जिमी स्मिथने पन्नासच्या दशकात जी पद्धत रुजवली तिच्यात चालता बेस, म्हणजे दर बीटला एक खालचा सूर, खालच्या कीबोर्डवर डाव्या हाताने वाजतो आणि डावा पाय पेडलला नुसता टिचकी मारल्यासारखा लागतो, म्हणजे तार छेडल्याचा जो ठप्पा असतो तेवढा तो देतो. सूर हाताचा, ठप्पा पायाचा.

पण म्हणून पाय गेला तरी फारसं बिघडत नाही असं कृपा करून समजू नका, मला हे फार मनापासून सांगायचंय. ऑर्गनवाला बाकावर बसतो तेव्हा त्याचे पाय जमिनीवर टेकलेले नसतात, दोन्ही पाय कामात, सगळा भार बसण्याच्या हाडांवर आणि कमरेवर, आणि त्या तोलावरच हात हलके राहतात. एका बाजूचं वजनच गेलं की तोल नव्याने शोधावा लागतो, खांदे आवळतात, खांदे आवळले की बेस घाईत पडायला लागतो. स्वतः बसून बघा, डावा पाय बाकाखाली मागे दुमडून फक्त पाच मिनिटं वाजवा, कंबर काय म्हणते ते कळेल.

आणि हे घडलं कोणाच्या बाबतीत, तर १९४१ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या, वडील मार्टिनिकचे ट्रम्पेटवाले, घरातूनच संगीत घेऊन आलेल्या माणसाच्या. आधी पियानो, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'ले दूब्ल सीस' या गाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये आवाज, १९६४ मध्ये फ्रान्सचा जॅझसाठीचा जँगो राइनहार्ट पुरस्कार, मग गायक क्लोद नूगारोबरोबर तब्बल तेरा वर्षं. मध्येच १९६८ मध्ये व्हायोलिनवाला जाँ-ल्यूक पाँती आणि ड्रम्सवाला दानिएल ह्यूमेर यांच्याबरोबरचं त्रिकूट, १९७१ मध्ये लंडनला रॉनी स्कॉट्सच्या क्लबात सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबर ते जबरदस्त लाइव्ह रेकॉर्डिंग (तिथेही बेसवाला नाही, सगळा बेस लुईसचाच!), आणि ऐंशीच्या दशकात स्वतःचा मोठा फॅनफेअर (बँडबाजासारखा) ताफा. रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे पाय गेला तेव्हा वय पन्नाशीच्या आसपास.

नंतर तो लोकांसमोर कमीच आला, हे खरंय. पण आला तेव्हा काय आला! त्या १९९४ च्या स्टेजवर नुसती दोन माणसं आहेत. पेट्रुचियानीला जन्मापासून हाडं ठिसूळ असण्याचा आजार, उंची जेमतेम तीन फूट, पियानोच्या पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून त्याला वेगळी जोडणी लावावी लागायची. म्हणजे दोघंही असे की ज्यांना पेडल सहज मिळत नाही, आणि तरी ऐकताना कुठे काही कमी आहे असं एक क्षण वाटत नाही. पियानो सोलोला गेला की लुईस डाव्या हाताने खाली चालत राहतो, वरचे कॉर्ड आखूड, जागा सोडून. मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, नंतर कळल्यावर परत लावला आणि फक्त बेस ऐकत बसले, दोन तास गेले. पुढे २००१ मध्ये ॲकॉर्डियनवाल्या रिशार गालियानोबरोबरची जोडी आली, तीही ऐका. लुईस जून २०१५ मध्ये गेला.

प्रश्न : ताई, मी हौशी ऑर्गनिस्ट. आठ महिन्यांपूर्वी अपघातात डावं मनगट मोडलं, प्लेट आहे, करंगळी आणि अनामिकेत जोर नाही. चालता बेस दहा मिनिटांत गळतो. सोडून देऊ का?

उत्तर : नका सोडू! आधी हिशोब बघा, मिनिटाला १६० बीटचं गाणं असेल तर दर बीटला एक सूर म्हणजे दहा मिनिटांत १६०० सूर, न थांबता, एकाच हाताने. आठ महिन्यांपूर्वी मोडलेला हात तिथे थकला तर त्यात तुमची काही चूक नाही. ९० च्या आसपास या आणि बारा मात्रांचा नाही, बारा बारचा ब्लूज फक्त एकदा वाजवा, दर बारला चार बीट म्हणजे ४८ सूर, मग हात खाली सोडा. आणखी एक, हॅमंडला जोर लागतच नाही, की थोडीशी दाबली की सूर निघतो आणि कितीही आपटली तरी मोठा होत नाही. पियानोवरून आलेले लोक उगाच दाबतात आणि मनगट तिथेच खर्ची पडतं. मोठा आवाज हवा तर तो उजव्या पायाचा प्रांत. अंगठा आणि पहिली दोन बोटं एवढ्यावर बेस बसवा, खालच्या कीबोर्डचे ड्रॉबार (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) पहिले तीन ८, ३, ८ आणि बाकी शून्य, म्हणजे कमी सूरही जाड लागतात.

आणि तरी नाही जमलं तर काम पायाला द्या. लुईसच्या बरोबर उलटं. म्युनिकची ऑर्गनिस्ट बार्बरा डेनरलाइन बेस खरोखर पायांनी वाजवते, रोडा स्कॉट तर अनवाणी पायांनी, आणि मग डावा हात कॉर्डसाठी मोकळा. शिकायला वेळ लागेल, पहिले काही महिने पाय चुकीच्या पेडलवर पडेल, बघून वाजवायची सवय मात्र लावून घेऊ नका. दुखलं किंवा बोटं बधिर झाली तर त्या दिवशी झाकण बंद, आणि हाताच्या फिजिओला तुम्ही नेमक्या काय हालचाली करता ते वाजवून दाखवा, तोंडी सांगून त्यांना कळत नाही.

प्रश्न : एवढं सगळं झाल्यावर माणूस खरंच पूर्वीसारखा वाजवतो का?

उत्तर : कधी हो, बऱ्याचदा नाही. पियानोवादक ऑस्कर पीटरसनला १९९३ मध्ये पक्षाघात झाला, डावा हात पहिल्यासारखा राहिला नाही, तरी तो स्टेजवर परतला आणि ओझं उजव्या हाताने उचललं. पॅट मार्टिनो गिटारवाला, पण वाढला फिलाडेल्फियाच्या ऑर्गन ग्रुप्समध्ये, म्हणून इथे त्याचं नाव घेतेच. १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, आठवणी गेल्या, गिटारही गेली, आणि तो स्वतःच्याच जुन्या रेकॉर्ड्स ऐकून ती परत शिकला. १९८७ मध्ये परतला. डिसेंबर २००० मध्ये ओकलंडच्या योशीज् क्लबात जोई डीफ्रान्सेस्कोच्या ऑर्गनबरोबर आणि बिली हार्टच्या ड्रम्सबरोबर वाजवलेलं रेकॉर्डिंग मिळतं, ते लावा. गिटार तर ऐकालच, पण मनगटवाल्या वाचकांनी खास करून खालचा बेस ऐका, आणि ९० च्या लयीत एक अख्खा ब्लूज न थकता गेला की मला कळवा.