लॉकडाऊनमुळे एचआयव्ही असलेल्यांचं पिणं वाढलं का? दारू प्यायल्यावर गोळी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाला एचआयव्ही आहे, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये लागलेलं पिणं अजून सुटलेलं नाही, आणि ज्या रात्री पितो त्या रात्री तो गोळी घेत नाही. सगळ्यांचंच असं झालं का, हा तुमचा प्रश्न. मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे, त्या काळातही होते. आधी गोळीचं सांगते, कारण ते आजच करायचं आहे.

प्यायलेला असला तरी गोळी चुकवायची नाही. दारू आणि औषध पोटात एकत्र आलं की विष होतं, ही समजूत फार पसरलेली आहे. तब्येतीला जपणारी माणसंही तिच्यापायी मुद्दाम डोस सोडतात. आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी मिळते, तिचं दारूशी तसं वैर नाही. डोस वारंवार बुडाले की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. दारूचं नुकसान तर होतंच, वर हे.

आता लॉकडाऊन. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत काहींचं पिणं वाढलेलं दिसलं, काहींचं घटलेलं, आणि अनेकांचं होतं तसंच राहिलं. माझ्या मते माणूस कुठे आणि कशासाठी पितो, यावर सगळं होतं. चार मित्रांत बसून पिणाऱ्याची बैठकच मोडली. युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेले बार थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडले. जगात सर्वांत जास्त एचआयव्ही असलेले लोक दक्षिण आफ्रिकेत राहतात. तिथे २७ मार्च २०२० पासून दारूविक्रीच बंद होती, १ जूनला सुरू झाली आणि जुलैत पुन्हा बंद केली. पण काम गेलं, झोप उडाली म्हणून एकट्याने पिणाऱ्याला घरी अडवणारं कोणी नव्हतं.

आमच्याकडचा एक जण गोळ्यांची डबी कामावरच्या कप्प्यात ठेवायचा. घरी कोणालाच आजार माहीत नव्हता. काम बंद पडलं, डबी घरी आली. मग सगळे झोपेपर्यंत थांबायचं आणि नंतर गुपचूप गोळी घ्यायची, असं सुरू झालं. थांबता थांबता तो प्यायचा, आणि बऱ्याचदा गोळी न घेताच झोपून जायचा. हे मला फोनवर कळायला फार वेळ लागला, कारण शेजारी घरचे असले की तो फक्त "बरंय मॅडम" म्हणायचा. शेवटी मी म्हटलं, काही बोलू नका, किती गोळ्या बुडाल्या त्याचा नुसता आकडा सांगा. तेव्हा खरं कळलं.

त्या दिवसांत तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, ते योग्यच होतं. पण समोर बसल्यावर हाताची थरथर दिसते, तोंडाचा वास येतो, ते सगळं आमच्या नजरेआड गेलं. म्हणून नुसत्या विचारून केलेल्या पाहणीत पिणं घटलेलं दिसलं, तर मी जरा सावध असते. पीईटीएच नावाची रक्तचाचणी मागच्या दोन-चार आठवड्यांतलं पिणं दाखवते, तिच्यावर माझा जास्त भरवसा.

"सोडणार असशील तर आजपासून बंद" असं मात्र भावाला म्हणू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. आणि "मी काही फार पीत नाही" म्हणाला तर हे सांगा: अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २०१६ च्या एका अभ्यासात एचआयव्ही नसलेल्यांमध्ये महिन्याला सुमारे ७० पेगपासून मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, एचआयव्ही असलेल्यांमध्ये ३० पासूनच.

पुढच्या तारखेला त्याच्यासोबत जा. आठवड्यातून किती दिवस पितो, एका वेळी किती आणि महिन्यात किती डोस बुडतात, एवढं स्पष्ट सांगा, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासायला सांगा. कावीळ बी किंवा सी असेल, किंवा टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू असेल, तर दारूचं आधी सांगा, कारण तो भार यकृतावरच पडतो. ती गोळीही मनाने बंद करू नका, डॉक्टर ठरवतील.